प्रश्न सातवा

फॉर्म इंग्रजीत म्हणून त्या माझ्याकडे आल्या,
वसुधाताई फणसे, ‘काठ’ पाक्षिकाच्या संपादक,
वार्ताहर, मुद्रितशोधक, आणि तिकिटं चिकटवणाऱ्याही.
रावपुऱ्यात माझा टायपिंगचा क्लास होता, तेव्हापासूनची ओळख.
आता मशिनं गेली, टेबलं राहिलीत,
आणि बोटांना कोर्टातल्या इंग्रजीची खोड.

दूर कुठल्या थंड शहरातली एक संस्था
पत्रकारांना मदत करते म्हणे:
वकिलाची फी, दवाखाना, तीन महिन्यांचं भाडं,
नाहीतर काही काळ लपायला एक खोली,
खिडकीतून कालवा दिसणारी.
फोटोतल्या त्या कालव्याकडे ताई बघत राहिल्या.
म्हणाल्या, “नमुना घ्यायला हवा.”

पहिले सहा प्रश्न सोपे होते.
सातवा: धोक्याचं स्वरूप. चौकोनात खूण करा.
शारीरिक. कायदेशीर. डिजिटल. इतर.

“मला कुणी मारलं नाही हो,
साधं ओरडलंसुद्धा नाही.
विश्वामित्रीच्या पाण्याचे आकडे छापले त्या महिन्यात
जयंतीभाईंचं मशीन बिघडलं,
माझ्याच अंकापुरतं.
साडीच्या दुकानाची जाहिरात गेली, मागोमाग लग्नकार्यालयाची.
घरमालकानं हात जोडून, अगदी हात जोडून, खोली मागितली.
भाचीची जुळलेली पत्रिका
पुन्हा पाहिल्यावर जुळेना.
आणि ज्या मुलानं नमुने तपासून दिले,
तो मांडवीत समोरून आला तर चपलेचा पट्टा बघत जातो.
त्याचं नाव कुठं येऊ देऊ नका.”

मी ‘इतर’वर खूण केली.
खाली लगेच उघडलं: तपशील द्या, शब्दमर्यादा दीडशे.

इथं माझं घोडं पेंड खायला लागलं.
मुस्कटदाबी लिहायचं होतं.
चाळीस वर्षं भाषांतरं केली,
खून, खरेदीखत, वारसा, सगळ्यांना शब्द सापडले.
पण मुस्कटदाबीत तोंडावर एक हात असतो,
त्या हाताला वास असतो,
कधी अत्तराचा, कधी प्रसादाच्या शिऱ्याचा.
इंग्रजी शब्दात तोंड तेवढं बंद होतं.
हात दिसत नाही.

वाचणारी असेल कुणी बाई,
गळ्याभोवती लोकरीचा पट्टा, शेजारी निवलेली कॉफी,
समोर तीनशे अर्ज,
कुणाच्या घरावर गोळ्या, कुणी तुरुंगात.
तिला कसं सांगू, की आमच्या नदीत मगरी आहेत
आणि मगर सांगून येत नाही.
ऊन खात पडून असते, काठावरच्या दगडांतला एक दगड.
लोक पुलावर स्कूटर थांबवतात,
वेफर्स खात पोरांना दाखवतात.
उतरणाऱ्यालाच कळतं
कुठला दगड दगड नव्हता.

हे लिहिलं. एकशे बारा शब्दांत बसलं.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मगरीचं काढा.
त्याही तेच पाणी पितात.”

काढलं.
उरल्या तारखा, जाहिरातींची यादी,
जयंतीभाईंच्या मशीनचं मॉडेल.

मदत काय हवी?
“कागद. आठ अंकांचा.
आणि एक छापखाना, ज्याचं मशीन बिघडत नाही.”
खोली?
“खोली नको. पाणी उतरलं की रंग दिसतो,
मी तिकडे बसले तर बाटली कोण भरणार?”
कोष्टकात एवढं मावेना. ‘कागद’ मावला.

बाराला पाच कमी असताना बटण दाबलं.
पट्टी चढेना, पाऊण भरून तिथंच थरथरत राहिली.
बारा वाजून गेले.
“गेलं का?” चष्मा पुसत ताईंनी विचारलं.
अजून नाही. पण मुदत त्यांच्या घड्याळाची आहे,
तिकडे अजून आजच आहे.

“मग तेवढ्यात,” म्हणत त्यांनी पिशवीतून प्रूफं काढली,
“पान तीनवरचा आकडा वाचता का, मला दोनदा शंका आली.”
मी वाचला. दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं.
ताईंनी पेन्सिल उचलली,
आणि खूण केली.